रिंगबाहेरची वही : अकरावा महिना

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी एक वही घातली आणि तिच्यासाठी एकच नियम ठरवला : डॉग शोमध्ये लॅब्रॅडॉरच्या रिंगबाहेर (कुत्रे फिरवून दाखवतात त्या आखीव जागेबाहेर) बसायचे, परीक्षकांनी निकाल देण्यापूर्वी आपल्या मते पहिल्या चार कुत्र्यांचे आर्मबँड क्रमांक (कुत्रा फिरवणाऱ्याच्या दंडावरचे) लिहून काढायचे आणि मग खोडाखोड न करता त्यांचा निकाल शेजारच्या रकान्यात उतरवायचा. पहिल्या शोमध्ये नऊ वर्गांपैकी पहिला क्रमांक दोनदाच जुळला. परवाच्या शोमध्ये आठांपैकी पाच वेळा जुळला. आकडा सुधारला याचा आनंद आहेच, पण आता माझे कुठे चुकते आणि का चुकते हे मला निकालानंतर सांगता येते, याचा आनंद अधिक आहे.

सुरुवातीच्या पानांवर नजर टाकली तर एक गोष्ट लगेच दिसते. मी कुत्र्यांतले दोष मोजत होते. एका पिवळ्या मादीच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून मी तिला चौथ्या क्रमांकाच्याही खाली टाकले आणि परीक्षकांनी तिला वर्गात पहिली केली. घरी येऊन स्टँडर्ड, म्हणजे त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याचे लिखित वर्णन, उघडले, तेव्हा छातीवर लहान पांढरा ठिपका चालतो असे त्यात स्पष्ट लिहिलेले आढळले. (त्याच परिच्छेदात पिवळ्या रंगाची व्याप्ती फिकट सायीच्या रंगापासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंत दिली आहे, आपल्याकडे जाहिरातींत सर्रास दिसणारा ‘फॉन’ हा शब्द लॅब्रॅडॉरच्या स्टँडर्डमध्ये नाही.) परीक्षक रिंगमधल्या कुत्र्यांची आपापसांत तुलना करण्याआधी प्रत्येकाची त्या लिखित वर्णनाशी तुलना करतात. समोर उभा असलेला प्राणी पाहताक्षणी लॅब्रॅडॉर वाटतो का, म्हणजे रुंद कवटी, पाणी झटकणारी आखूड दाट लव आणि बुडाशी जाड होऊन टोकाकडे निमुळती होत जाणारी पाणमांजरासारखी शेपटी या साऱ्यांचा मेळ बसतो का, हा पहिला प्रश्न असतो. दोषांची वजाबाकी त्यानंतर येते, आणि ज्याच्यात ठळक दोष नाही पण ठळक गुणही नाही असा कुत्रा पुष्कळदा तिसरा येतो.

दुसरी मोठी चूक चालीच्या बाबतीत होत होती. वेगाने, डौलात धावणारा कुत्रा मला हमखास आवडायचा. रिंगमध्ये कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, कारण कुत्रा हँडलरच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्याच्या, डाव्या हाताला असतो आणि परीक्षक मध्यभागी उभे असल्यामुळे त्यांना तो मध्ये माणूस न येता बाजूने दिसतो. बाजूने दिसणारी ही चाल पाय किती पुढे पडतो, मागून रेटा किती मिळतो आणि पाठीची रेषा स्थिर राहते का हे सांगते. मात्र कोपरे बाहेर पडतात का, मागच्या पायांचे सांधे गाईसारखे आत वळतात का, हे कळायला कुत्रा सरळ दूर जाताना आणि सरळ अंगावर येताना पाहावा लागतो. परीक्षक त्याला एकट्याने सरळ रेषेत किंवा त्रिकोणात पळवतात ते त्याचसाठी. मी पहिले चार महिने मंडपाच्या सावलीसाठी बाजूला बसत होते आणि तिथून ही सरळ रेषा मला तिरपी दिसत होती. जागा बदलून ज्या कोपऱ्याकडे कुत्रे धावत येतात तिथे बसू लागल्यापासून माझे अंदाज जितके सुधारले, तितके ते कोणत्याही वाचनाने सुधारले नाहीत. आणखी एक लक्षात आले : हँडलर फार हळू चालला की चांगला कुत्राही एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो आणि ती चाल दोष धरली जाते. अनुभवी परीक्षक अशा वेळी त्या कुत्र्याला पुन्हा, थोडे जोरात पळवायला सांगतात.

तरीही काही निकाल उलगडत नव्हते, तेव्हा पुण्यात बिबवेवाडीतल्या एका ज्येष्ठ ब्रीडरांकडे गेले. त्यांना सगळे काकाच म्हणतात. त्यांनी अंगणात तीन लॅब्रॅडॉर उभे केले आणि क्रम लावायला सांगितला. मी काळ्या नराला पहिला दिला, कारण त्याची छाती भरदार दिसत होती. काका म्हणाले, “अगं, डोळे मीट आणि आता बोटांनी बघ.” खांद्यांच्या पात्यांची वरची टोके मानेच्या तळाशी किती जवळ येतात, पाते मागे झुकले आहे की उभे आहे, शेवटच्या बरगडीपासून मांडीपर्यंतची कंबर आखूड आहे का, हे त्यांनी माझा हात धरून एकेका कुत्र्यावर दाखवले. काळ्याच्या बरगडीपर्यंत पोहोचायला मला बोटे चांगलीच रुतवावी लागली. भरदारपणा हाडाचा नव्हता, चरबीचा होता. पिंपासारखा दिसणारा छातीचा घेर जादा वजनाने आणलेला नसावा, हे स्टँडर्डमध्येच लिहिलेले आहे. हात फिरवल्यावर माझा क्रम उलटा झाला. परीक्षक प्रत्येक कुत्र्याजवळ जाऊन ओठ उचलून वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात का हे पाहतात, नराची दोन्ही वृषणे उतरली आहेत का हे तपासतात आणि मग अंगावरून हात फिरवतात. या एक-दीड मिनिटात घडलेले बाहेर बसून कळणे शक्य नाही, आणि माझ्या उरलेल्या तीन चुकांपैकी निदान दोन याच मिनिटात दडलेल्या असाव्यात.

वेळही थोडा असतो. अमेरिकन केनेल क्लबच्या शोमध्ये परीक्षकांनी ताशी सुमारे २५ कुत्रे पाहावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे एका कुत्र्याला अडीच मिनिटेही मिळत नाहीत.

करवानींच्या (करवान हाउंड जातीच्या) रिंगजवळ मात्र मी मुद्दाम अर्धा तास थांबले. आपल्या मातीतल्या या शिकारी कुत्र्यांना अनोळखी हात खपत नाही आणि हे माहीत असलेला परीक्षक समोरून एकदम वाकत नाही. तो थोडा कडेने येतो, हुंगू देतो आणि मग हात लावतो. शिवाय रिंगमध्ये दिसते ती दुडकी चाल, आणि हा कुत्रा घडला आहे तो भरधाव दौडीसाठी. ती दौड तिथे दिसणारच नाही, म्हणून खोल छाती, कमानदार कंबर आणि लांब मांडी यांवरून परीक्षकांना तिचा अंदाज बांधावा लागतो. बेस्ट इन शोच्या, म्हणजे सगळ्या जातींतून एकच विजेता निवडण्याच्या, वेळी करवान आणि पग यांच्यात निवड कशी करतात, असे घरी मला नेहमी विचारतात. तिथेही लढत त्या दोघांची नसते. आपल्या स्टँडर्डच्या अधिक जवळ कोण आहे, एवढेच पाहिले जाते.

चहाच्या टपरीवर ‘ओळखीच्यालाच दिले’ हे वाक्य प्रत्येक शोनंतर ऐकू येते. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला भरलेल्या, सर्वसाधारणपणे पहिल्या मानल्या जाणाऱ्या शोमध्ये फक्त पॉइंटर आणि सेटर हे शिकारी कुत्रे होते, आणि तिथे पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला, तर सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर. तेव्हा ही कुरबूर परंपरेइतकीच जुनी आहे. वशिला कधीच चालत नाही असे मी म्हणणार नाही, पण तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखेच सावलीत बाजूला बसलेले असतात. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट : कुत्र्याच्या तब्येतीला त्रास होईल इतक्या टोकाच्या शरीरठेवणीला मिळणारी बक्षिसे. २०१२ साली क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या मोठ्या डॉग शोमध्ये १५ जातींच्या बेस्ट ऑफ ब्रीड (जातीतला सर्वोत्तम) विजेत्यांची पशुवैद्यकीय तपासणी सक्तीची केली, तेव्हा ६ विजेते त्यात नापास झाले. त्या सहांना काही मिनिटांपूर्वीच जाणकार परीक्षकांनी आपापल्या जातीत सर्वोत्तम ठरवले होते.

आता शेवंतीविषयी. माझी ही अडीच वर्षांची पिवळी मादी परवा ओपन वर्गात उतरली आणि पाचांत चौथी आली. तिची उंची खांद्याच्या उंचवट्याशी ५५ सेंटिमीटर भरते, म्हणजे मादीसाठी दिलेल्या ५४ ते ५६ मध्ये ती बसते. दात नीट आहेत, शेपटी उत्तम आहे. पावसाळ्यात फिरणे कमी झाल्याने तिचे वजन वाढले, हे मी कबूल करते. पण खरी फजिती वेगळीच झाली. ती लहान असताना मी थांबले की तिने बसायचे, असे मीच मोठ्या हौसेने शिकवले होते. परीक्षक पाठीची रेषा पाहायला तिच्या बाजूला आले, मी थांबले आणि शेवंती आज्ञाधारकपणे बसली. तिला उठवले, ती पुन्हा बसली. तिसऱ्यांदा परीक्षक हसले आणि पुढच्या कुत्र्याकडे वळले.

त्यामुळे या महिन्यात वहीपेक्षा उभे राहण्यावर भर आहे. दर रविवारी सकाळी तळजाईच्या पायथ्याशी मी ‘उभी’ हा नवा शब्द पक्का करते, बक्षिसाचा तुकडा तिच्या नाकासमोर खाली न धरता जरा पुढे धरते आणि फिरायला आलेल्या एखाद्या भल्या माणसाला तिच्या पाठीवरून हात फिरवायला सांगते. काल ती चाळीस सेकंद उभी राहिली. वहीत मी तिसरा रकाना आखला आहे आणि पुढच्या शोपासून प्रत्येक पहिल्या क्रमांकापुढे माझे कारण एका ओळीत, तेही निकालाच्या आधी, लिहिणार आहे.