नाक्यावरचा रेट आणि माझ्या हातची एक पावती

सकाळी पावणेआठला फोन आला, "मॅडम लवकर या, काकांना पकडलंय." पकडलंय म्हटल्यावर मला आधी पोलीसच आठवले, कारण फुटपाथवर गर्दी केली म्हणून गाडीत घालायचं हे काही नवीन नाही. पण पकडलं होतं आमच्याच पोरांनी.

मी नाका कामगारांच्या, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर उभं राहून त्या दिवसाचं काम शोधणाऱ्यांच्या, संघटनेत काम करते, मुंबईच्या पश्चिम उपनगरात, लिंक रोडला लागून असलेला एक नाका माझ्याकडे आहे. रोज सव्वाशे-दीडशे माणसं उभी असतात. येणाऱ्या जाणाऱ्याला वाटतं नुसतीच उभी आहेत, पण तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. रंगारी झाडाखाली, पिशवीतून रोलर बाहेर दिसेल असा ठेवून. गवंडी मिस्त्री बसस्टॉपच्या कठड्याला टेकून, थापी आणि ओळंबा दिसलाच पाहिजे. टाइल्सवाले कटर घेऊन पुढे, आणि बिगारी, त्यातही बायका, सगळ्यात शेवटी गटाराकडच्या बाजूला. खरा धंदा आठ ते साडेनऊ. दहानंतर रेट उतरतो, साडेदहाला नाका संपतो, मग दिवसाची खोटी झाली म्हणून घरी. मोटरसायकल थांबली की दहाजण तिला वेढा घालतात आणि मागचा एकजण हळूच शंभर कमी सांगतो. हा मागचा माणूस हेच नाक्याचं सगळं दुखणं.

तर २०२३ ला गणपती विसर्जन झाल्यावर आम्ही रेट बांधला. त्याआधी वर्षभर मी नव्वद दिवसांच्या दाखल्यांच्या मागे होते आणि पार वैतागले होते. बांधकाम कामगारांचा कायदा तेव्हा १९९६ चा होता, बांधकामाच्या खर्चावर कामगारांसाठी एक टक्का सेस, म्हणजे उपकर, जमा होतो, महाराष्ट्रात २०११ पासून कल्याणकारी मंडळ आहे, सगळं आहे. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आता ज्याचा मालक रोज बदलतो त्याला नव्वद दिवसांची सही कोण देणार? ज्या बाईंनी एका दिवसासाठी बाथरूमची टाइल बदलायला नेलं त्या? आणि स्वतःच्या घराचं दहा लाखाच्या आतलं काम त्या कायद्यातून तसंही वगळलेलं होतं, म्हणजे आमच्या लोकांची निम्म्याहून जास्त कामं. मग एजंट पैसे घेऊन दाखले जमवतो आणि ज्यांनी आयुष्यात घमेलं उचललं नाही त्यांच्या घरी मंडळाची सुरक्षा साहित्याची पेटी पोचते, भांड्यांचा संच पोचतो. ऑफिसातल्या साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, लेखी तक्रार द्या. दिली. असो.

म्हणून ठरवलं, निदान जे आपल्या हातात आहे ते करू. तीन मीटिंगा झाल्या, रात्री, वस्तीत, मराठी हिंदी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी अशा तिन्ही भाषांत भांडत. मिस्त्री ९५०, हेल्पर ६५०, नऊ ते सहा, जेवणाची सुट्टी एक तास. कमी पैशात गेला तर पाचशे दंड आणि आठवडाभर नाका बंद. मी खरं तर ८५० म्हणत होते. काकाच उठून म्हणाले, "मॅडम, साडेनऊशेच्या खाली मिस्त्री म्हणजे मिस्त्रीचा अपमान आहे." टाळ्या पडल्या. काकांचे वडील बहात्तरच्या दुष्काळात आताच्या जालना जिल्ह्यातून आले, परतूरकडचे, काका तेव्हा कडेवर होते. त्यांच्या हिशोबाने वय बावन्न त्रेपन्न, आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आणि वय बासष्ट. शिबिरात कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. मंडळाची नोंदणी साठपर्यंतच, त्यामुळे काका कागदावर कामगारच नाहीत. पण प्लास्टरला त्यांच्यासारखा हात नाक्यावर दुसरा नाही, ओळंबा सोडून भिंत बघतात तेव्हा पोरं गप्प उभी राहून शिकतात.

रेटचा बोर्ड लावला आणि खरं सांगते, मला माझाच अभिमान वाटला. पहिले दोन दिवस गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, पुढच्या नाक्यावर बघतो म्हणून गेले आणि परत आले. दिवाळीआधीचे दिवस, कामाला तोटा नव्हता. मी रजिस्टर ठेवलं होतं, रोज कोण उभं राहिलं, कोणाला काम लागलं, किती मिळाले. असं रजिस्टर मी इतर कुठल्या नाक्यावर पाहिलेलं नाही. फक्त मी त्यात रोज एकूण बेरीज बघायची, नावं बघायची नाही, ही माझी चूक.

आणि तिसऱ्या आठवड्यात हा फोन. मी पोचले तेव्हा पन्नासेक माणसांचं कोंडाळं, मधे काका, आणि त्यांची पिशवी एका पोराच्या खांद्यावर. काका आदल्या दिवशी दोन स्टॉप पुढे पेट्रोल पंपापाशी उभे राहून ६०० त गेले होते. एकजण ओरडत होता, "चाचाने सबका भाव गिराया." दुसरा म्हणाला, टाळ्या तर तुम्हीच घेतल्या होत्या ना. काका एवढंच म्हणाले, "माझी थापी जमिनीवर ठेवू नका."

मी पिशवी परत द्यायला लावली. ते बरोबर केलं. पण मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला, तीन आठवडे टिकलेला, आणि मला वाटलं आज सोडलं तर उद्या बोर्ड काढावा लागेल. मी म्हटलं, "काका, ठरलंय ते ठरलंय." काकांनी काही न बोलता शर्टाच्या आतल्या खिशातून पैसे काढले. सहाशेतले पाचशे. मी पावती फाडली. पावतीवर कारण लिहायची जागा असते, तिथे काय लिहावं म्हणून थांबले आणि शेवटी 'नियमभंग' लिहिलं.

तेवढ्यात गटाराच्या बाजूने एक मावशी पुढे आल्या. "ताई, माझी पण फाडा. काकांच्या हाताखाली मीच होते. साडेतीनशेत." कुणीतरी हसलं. पोरगा म्हणाला, "मावशी तुमचं नाही हो, तुम्ही बाया तर तेवढ्यातच जाता."

आता बघा, हेल्परचा रेट ६५० होता. बोर्डावर बायांचा वेगळा असं काही लिहिलेलं नव्हतं, समान कामाला समान मजुरीचा कायदा तेव्हा १९७६ सालचा होता, मी स्वतः मीटिंगमध्ये तो सांगितला होता. तरी तीन आठवडे बाया साडेतीनशे चारशेत जात होत्या, माझ्या रजिस्टरात ते आकडे माझ्याच हाताने लिहिलेले होते, आणि कुणालाही, मलाही, तो नियमभंग वाटला नाही. मावशी हात पुढे करून उभ्याच होत्या. मी फाडली नाही. काय म्हणून फाडू, एकीची फाडली तर तीस बायांची फाडायला लागेल. "नंतर बोलू" म्हटलं. नंतर बोलू हे वाक्य ऑफिसातले साहेब मला म्हणतात.

त्या रात्री रजिस्टर घेऊन नावानिशी बघितलं. काकांना अठरा दिवसांत दोन रोज लागले होते. पन्नाशीच्या पुढचे जे जे होते त्यांचं तसंच. सरळ आहे, साडेनऊशेच द्यायचे तर गिऱ्हाईक तरणा माणूस निवडणार. काकांकडे गर्दीत पुढे धावायला पाय नव्हते, शंभर कमी सांगणं एवढाच त्यांचा मार्ग होता आणि तो आम्ही बंद केला. तो मागचा माणूस काकाच होते की.

माथाडींनी हे सोडवलंय. १९६९ चा कायदा, मालकाची नोंद बोर्डाकडे, पैसे बोर्डात, टोळीला काम, टोळीत म्हाताराही खपून जातो. पण तिथे गोदाम जागचं हलत नाही. आमचा मालक स्कूटरवर येतो, हेल्मेटही काढत नाही. आम्ही नंबर लावून पाहिले, पहिला आला त्याला पहिलं काम, तर माणूस म्हणाला मला हा नको तो द्या, नाहीतर जातो. पाच सात माणसं लागणारा ठेकेदार असेल तरच नंबर चालतो, तेव्हा मी एक वयस्कर गळ्यात मारते. कमिटीतली पोरं म्हणतात मॅडम आता रेटला फाटे फोडू नका, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही, साडेनऊशेने त्यांच्या घरी खरंच फरक पडलाय.

मावशींचा विषय दोनदा मीटिंगला घेतला. पहिल्यांदा वेळ संपला, दुसऱ्यांदा बायाच आल्या नाहीत, मीटिंग रात्री नऊला, स्वयंपाकाची वेळ, तीही मीच ठरवलेली.

काका हल्ली साडेदहाला येतात, नाका संपल्यावर. तेव्हा रेट विचारायला कुणी नसतं. एखादी स्कूटर थांबते, दोन शब्द होतात, काका पिशवी मांडीवर घेऊन मागे बसतात. मी समोर चहाच्या टपरीवर असते. रजिस्टर तोवर मी पिशवीत टाकलेलं असतं.