घावलं का?

भिगवणला उजाडताना पोचायचं तर पुण्यातून साडेतीनला निघावं लागतं. ही वेळ धड रात्रीत मोडत नाही, धड पहाटेत. एरवी नऊच्या ऑफिससाठी मला उठवायला घरात आरडाओरडा लागतो. त्या दिवशी मात्र गजर व्हायच्या आधी पाच मिनिटं उठून मी चोरपावलांनी स्वयंपाकघरात थर्मास भरत असतो. बायको झोपेतच विचारते, "गेल्या महिन्यात काढले होतेस ना रोहित? मग हे वेगळे आहेत का?"

प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, चारेक हजार फोटो असतील आणि त्यातल्या निम्म्यांत त्यांचं डोकं पाण्यात आहे. त्यात त्यांची काही चूक नाही. रोहित मान खाली घालतो, चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून खातो. दिवसाचा बराच वेळ त्याचं हेच चाललेलं असतं. त्याने मान वर करावी, तीही सूर्याकडे तोंड करून, ही गरज आमची.

यवतला चहा होतो, कुरकुंभ मागे पडतं आणि कुंभारगावच्या काठावर पोचेस्तोवर पूर्वेला जरा फटफटलेलं असतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि कितीतरी गावांची शिवारं पाण्याखाली गेली. पाणी फारच उतरलं तर पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. जानेवारीनंतर पाणी ओसरू लागलं की उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहितांची पंगत बसते. ज्या होडीतून आम्ही त्यांच्याकडे जातो, तीच रात्री जाळी टाकायला गेलेली असते. तिच्या फळ्यांना मासळीचा वास असतो. लाखाची लेन्स मांडीवर घेऊन आम्ही त्या वासात बसतो.

परत काठाला लागलं की तिथला जो कुणी भेटेल तो एकच विचारतो, "काय घावलं का?"

पहिल्यांदा मला वाटलं होतं, प्रश्न नावाड्याला आहे. तो मला होता.

तेव्हापासून आमच्या फोटोवाल्यांच्या जमातीच्या बोलण्याकडे माझं लक्ष जाऊ लागलं. आम्ही कधी 'वाघ पाहिला' म्हणत नाही. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर सफारीहून परतणाऱ्या जिप्सीला शेजारची जिप्सी विचारते, "मिळाला का?" खंड्या 'मिळतो', स्वर्गीय नर्तक शेपटीसकट 'मिळतो' किंवा शेपटी फ्रेमबाहेर जाऊन 'हुकतो'. निसर्गावरच्या प्रेमापोटी आम्ही हे सगळं करतो असं आम्ही लोकांना सांगतो, आणि ते खोटं नाही. पण नुसतं प्रेम असतं तर दुर्बीण पुरली असती. दुर्बीण घेऊन येणारी माणसं वेगळी असतात. ती शांतपणे वहीत नावं लिहितात आणि पोटभर नाश्ता करतात.

आमचा मूळपुरुष शोधायला गेलं तर शिकारीच निघतो. अमेरिकेत जॉर्ज शायरस नावाचा गृहस्थ रात्री होडीच्या नाकाशी उजेड ठेवून काळोख्या तळ्यावर हरणं मारायचा. उजेडाकडे बघणाऱ्या जनावराचे डोळे चमकतात, त्या चमकेवर नेम धरायचा. पुढे त्याने त्याच होडीत, त्याच उजेडात बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. नॅशनल जिओग्राफिकच्या जुलै १९०६ च्या अंकात त्याचे ७४ फोटो आले. रात्रीच्या अंधारात फ्लॅशच्या उजेडात दचकलेली हरणं बहुतेक लोकांनी त्याआधी पाहिलीच नव्हती. म्हणजे नेम राहिला, दबा राहिला, श्वास रोखणंही राहिलं; फक्त जनावर आपल्या पायांनी घरी गेलं. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी तर पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून बैलाचं पोकळ सोंग तयार केलं होतं. आत माणूस आणि कॅमेरा! आम्ही हिरव्या ठिपक्यांचे शर्ट घालून होडीत बसतो ते त्याच घराण्यातलं, फक्त बैलाइतकी हिंमत आमच्यात नाही.

नेम धरायचा म्हटला की त्याचा धर्मही आलाच. भिगवणला कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगलना, होडीतून शेव-गाठी टाकतात. थवा डोक्यावर घिरट्या घालतो आणि हवे तसे फोटो येतात. मीही एकदा पाव किलो गाठी नेल्या होत्या. फोटो झकास आले, एकेक पीस मोजून घ्यावं असे. ते मी कुणाला दाखवत नाही. गाठी हे काही कुरवाचं अन्न नव्हे, हे तर झालंच. पण ते फोटो बघताना मला मासळीबाजारातून पापलेट आणून 'मी पकडलं' म्हणून सांगणारा माणूस आठवतो.

खरी गोष्ट ऑस्प्रेची आहे. हा मासे मारून खाणारा शिकारी पक्षी, हिवाळ्यात उजनीवर येतो. गेल्या फेब्रुवारीत तो पाण्यातल्या एका वठलेल्या बाभळीवर बसला होता. आमच्या नावाड्याने, तात्यांनी, वल्हं आत ओढलं आणि बिडी पेटवली. ऊन मागून, वारा बेताचा, शटरचा वेग १/३२०० सेकंद. दोन तास आम्ही त्याच्याकडे आणि तो सगळीकडे बघत होता. मध्येच तो शिटला. शिटला की उडणार, हे आमच्यातलं सर्वमान्य शास्त्र. होडीतली तिन्ही बोटं बटणांवर ताठ झाली. तो पंख साफ करत बसला.

मग मी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आधीचे फोटो पुसायला घेतले.

"सायेब, वर! वर बघा!"

धप्प झालं. ऑस्प्रे पाय पुढे करून पाण्यात घुसतो, बाहेर येतो, हवेतच कुत्र्यासारखं अंग झाडतो आणि मासा पंजात फिरवून त्याचं डोकं उडायच्या दिशेला करतो, म्हणजे वारा कापला जातो. हे सगळं मला पुस्तकातून माहीत आहे. त्या दिवशी मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा फोकस पलीकडच्या काठावर काहीतरी शोधत होता. माझ्याकडे त्या क्षणाचे चौदा फोटो आहेत. चौदाही वेड्या बाभळीचे, काटा न् काटा शार्प.

"चिलापी होती," तात्या म्हणाले. "पाऊण किलोची."

इतक्या लांबून, हवेत, त्यांनी वजनही केलं होतं. होडी काठाला लागेपर्यंत ती चिलापी किलोची झाली होती. संध्याकाळी मित्रांना सांगताना मी ती दीड किलोपर्यंत नेली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आमच्या दिवाणखान्यात माझा एक खंड्या फ्रेम करून लावलेला आहे. चांगला फोटो आहे, डोळ्यात उन्हाचा ठिपकासुद्धा आलाय. तो खंड्या मला कित्येक महिन्यांत दिसलेला नाही. त्याच्याखाली बसून मी पेपर वाचतो. न दिसलेली चिलापी मात्र सिग्नलला उभा असलो की दिसते, मीटिंगमध्ये दिसते. पुढच्या वेळी स्क्रीन बघायची नाही, एवढं ठरवून मी पुन्हा थर्मास भरतो. बायकोला हे कसं सांगायचं?

त्या दिवशी जेवण तात्यांच्या घरी होतं. होडीवाल्यांच्या घरी आधी सांगून ठेवलं की भाकरी आणि मासे मिळतात. हात धुवून बसलो. वहिनींनी चुलीवरून विचारलं, "काय घावलं का आज?"

"न्हाय," माझ्या आधी तात्याच म्हणाले. "सायबांचं ध्यान खाली होतं."

ताट आलं. ज्वारीची भाकरी, कांदा आणि तळलेली अख्खी चिलापी, डोकं पुढं करून ठेवलेली. मी कॅमेरा पुन्हा पिशवीतून काढला, गुडघ्यावर टेकून बसलो आणि एकच फोटो घेतला.

शार्प आला. डोळ्यात उजेडाचा ठिपकाही होता.