टाळ्या थांबल्यानंतरचा शॉट

मी व्हिडिओ एडिटर आहे. एका इंडी रॉक बँडच्या निषेधगीताचा व्हिडिओ मी नुकताच कापून दिला, पण त्यातला एक शॉट अजून डोक्यातून जात नाही.

कल्पना चांगली होती. नळाचं उद्घाटन. व्यासपीठ, फीत, हार घातलेला नळ, भाषण ठोकणारा पुढारी, आणि शेवटपर्यंत न येणारं पाणी. गाणारी पोरगी घसा फोडून चिडलेली, पण पडद्यावर कुणीच चिडत नाही. सगळे हसतमुखाने टाळ्या वाजवतात.

बाहेरच्यांना वाटतं, ठोका आला की कट मारायचा. नेमका ठोक्यावर मारलेला कट डोळ्याला उशिराच आल्यासारखा वाटतो, म्हणून मी तो एक-दोन फ्रेम आधी मारते. गाणं मिनिटाला 150 ठोक्यांच्या लयीत असतं, तर सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात एका ठोक्याला बरोबर 10 फ्रेम आल्या असत्या. हे 140च्या आसपास सुरू होतं, म्हणजे दहा फ्रेम आणि वर थोडं. शिवाय बँडने क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरून देणारी कानातली टिकटिक, न लावता एकत्र वाजवलेलं, त्यामुळे शेवटच्या ध्रुवपदापर्यंत ड्रमर लय चढवत नेतो. ती चढ मला फार आवडते. संगणकाने लय सरळ करून घ्या असं सुचवणाऱ्यांना राग कसा वाढत जातो हे कळत नाही. मी सगळं कानाने कापलं. विनोदाचे कट मात्र ठोक्यावर चालतच नाहीत. पुढाऱ्याचा गंभीर चेहरा बघणाऱ्याला अवघड होईपर्यंत धरून ठेवावा लागतो.

गर्दीच्या शॉटसाठी कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमवर होता आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजत होतं. गायिकेने त्या चिरक्या, धावत्या आवाजावर ओठ हलवायचे. मग तेच चित्र 25वर चालवलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि भोवतीच्या टाळ्या जड, संथ होतात. हे जमवायला गायिकेची फार तयारी लागते, आणि तिची होती.

त्याच फूटेजमध्ये एका टेकच्या शेवटी ‘कट’ ऐकू येतं. कॅमेरा आणखी पाचेक सेकंद चालू राहिलेला. गर्दी पांगते. गर्दीतल्या एक आजी सरळ नळापाशी येतात, तोटी फिरवतात, ओंजळ धरतात आणि थांबतात. त्या अभिनय करत नव्हत्या. नळ सुताराने ठोकलेला, मागे पाइपसुद्धा नव्हता. पाच सेकंदांचे माझ्या टाइमलाइनवर दहा झाले होते.

मी चौकशी केली. पाण्याचा जार मॉनिटरपाशी होता, आमच्या लोकांसाठी. ज्युनिअर आर्टिस्ट उभे होते त्या बाजूला काहीच नव्हतं. पाण्यावरच्या गाण्याच्या सेटवर! निर्मितीच्या माणसाला याचं काही वाटलं नाही. गर्दीला तो माणसांत धरतच नव्हता.

दिग्दर्शक शॉट बघून उसळला. म्हणाला, “हाच शेवट! ओंजळीवरून थेट पुढाऱ्याच्या पेल्यावर कट मार.” भाषणाच्या मध्ये पुढारी गटागटा पाणी पितो, तो शॉट आमच्याकडे होता. त्याने जेनेसिस बँडच्या 1986 सालच्या ‘लँड ऑफ कन्फ्यूजन’ या गाण्याच्या व्हिडिओचा दाखला दिला. त्यात शेवटी तेव्हाचा अमेरिकी अध्यक्ष रेगन याचा रबरी बाहुला परिचारिकेला बोलवायला जातो आणि अणुबॉम्बचं बटण दाबतो. मी म्हटलं, तिथे बाहुले आहेत. आणि बाहुला आहे तोही सत्तेवरच्या माणसाचा. आपल्याकडे तहानलेली बाई आहे. तो म्हणाला, संमतिपत्रावर सही आहे. सही आहेच, पण ती टाळ्या वाजवण्याच्या कामासाठी केलेली.

आजींना विचारल्याशिवाय शॉट वापरणार नाही, असं मी सांगितलं. सहायक दिग्दर्शिकेने त्यांना गाठून शॉट दाखवला. त्या म्हणाल्या, “तहान लागली होती गं. ठेवा की. पण लोक मला खुळी म्हणतील असं ठेवू नका.”

मी पेला काढला. ध्रुवपद संपून नुसती गिटार उरते तिथे आजींचे दहाच्या दहा सेकंद सलग ठेवले, आधी-नंतर पुढाऱ्याचं तोंड नाही. दिग्दर्शक नाराज झाला, पण गायिका माझ्या बाजूने उभी राहिली आणि व्हिडिओ तसाच गेला.

तरीही दिग्दर्शकाचं म्हणणं मला खोडता येत नाही. पेल्याचा कट मी रात्री लावून बघितला होता. बघताना अंगावर काटा आला. आजींची ओंजळ कोरडी का, याचं उत्तर त्या एका कटात सापडतं. माझ्या आवृत्तीत आजींचा मान राहतो, पण पुढारी सुटतो. निषेधगीतात तो सुटणं ही लहान गोष्ट नाही. दुसरीकडे, तो कट ऑफिसात दाखवला तेव्हा दोघं मोठ्याने हसली, आणि हसू पेल्यावर नव्हे, ओंजळीवरच सुरू झालं. पेला येईल हे त्यांनी आधीच ताडलं होतं.

आता बँडला कार्यक्रमात मागच्या पडद्यावर पेल्याची आवृत्ती हवी आहे. फाइल तयार आहे, अजून दिलेली नाही. आजींनी होकार दिला तो एकट्या शॉटला. हा कट त्यांनी पाहिलेलाच नाही. यावेळी दाखवायला मी स्वतः जाणार आहे.