वारा कुठून येतो, पाणी कुठवर येतं: मारिकिनातलं आमचं घर

आमच्या फाटकाच्या खांबावर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. खालची २००९ ची, ओंदोय वादळाची, कमरेच्या जरा वर. वरची २०२० ची, युलिसिसची, बरोबर माझ्या खांद्याला लागणारी. दोन्ही सासूबाईंनी ओढलेल्या. मी त्यांना इथल्यासारखं 'नानाय' म्हणते, म्हणजे आई.

मारिकिना हे फिलिपिन्समधल्या मनिला महानगराच्या पूर्व टोकाचं, नदीकाठचं शहर. चपला-बुटांच्या कारागिरांचं म्हणून ओळखलं जातं. पावसाळ्यात इथे भाजीच्या दुकानातही पहिला प्रश्न असतो, "नदी किती?" पातळी १५ मीटरवर गेली की पहिला इशारा, १६ ला दुसरा, आणि १८ झाली की घर सोडायचंच. ओंदोयला नदी २१.५ मीटरवर गेली होती, युलिसिसला २२. त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर बसून होतो. आमचं घर बैठं, सिमेंटच्या पोकळ विटांचं, १२० चौरस मीटरच्या जागेवर. आठवडाभर चिखल उपसल्यावर नवरा म्हणाला, आता डागडुजी नको, पाडून नव्यानं बांधू.

माझ्या मोबाइलमध्ये तोवर घरांच्या फोटोंचा ढीग साठला होता. काळ्या चौकटीतल्या जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात वेताची खुर्ची, वरून लोंबणारा बांबूचा दिवा. आधुनिक फिलिपिनो घर म्हणून शोधलं की बहुतेक हेच समोर येतं. मला ते मनापासून आवडायचं. ओळखीतून एक वास्तुरचनाकार बाई मिळाल्या. त्यांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले. पाणी कुठवर येतं? वारा कुठून येतो?

पहिल्याचं उत्तर फाटकावर होतं. दुसऱ्याचं मला येईना. ते नानायनी दिलं. "हबागात समोरून येतो, अमिहान मागच्या गल्लीतून." हबागात म्हणजे नैर्ऋत्येचा मोसमी वारा. गोव्यात जूनमध्ये ज्याची वाट बघत मी लहानाची मोठी झाले, तोच. अमिहान ईशान्येचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला, कोरडा आणि सुखद.

कागदावर एकही रेघ ओढायच्या आत बाईंनी आम्हाला इंत्रामुरोसमधलं, म्हणजे मनिलाच्या तटबंदीच्या जुन्या भागातलं, कासा मनिला बघायला पाठवलं. ती वास्तू तशी जुनी नाही. १९८० च्या दशकात जुन्या घरांच्या धर्तीवर उभारलेलं ते संग्रहालय आहे. पण 'बहाय ना बातो', म्हणजे दगडाचं घर, कसं चालायचं हे तिथे नीट कळतं. खालचा मजला दगडी. तिथे बग्गी उभी राहायची, सामान साठवलं जायचं. माणसं राहायची वर, लाकडी मजल्यावर. त्याहून जुनं 'बहाय कुबो', निपा नावाच्या ताडाच्या पानांनी शाकारलेलं बांबूचं घर, तेही खांबांवर उचललेलं असतं. त्याच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेला 'सिलोंग' म्हणतात. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं, पण माझ्या लेखी ती फक्त जुनी शैली होती. चिखल उपसून आलेल्या डोळ्यांना ते घर वेगळं दिसलं. पाण्याला खालचा मजला देऊन टाकायचा आणि आपण वर राहायचं, हा तिथला सरळ हिशोब होता.

त्या घरातल्या खिडकीपाशी मी खूप वेळ उभी राहिले. खरं तर ती एक खिडकी नाहीच, तीन आहेत. मधे कंबरेच्या वर सरकत्या फळ्या, त्यात लहान लहान चौकोनांत 'कापिस'चे शिंपले बसवलेले. खाली, कठड्याच्या जागी, जमिनीलगत आणखी एक सरकती झडप आणि तिच्यापुढे लाकडी गज. तिला 'बेंतानिल्या' म्हणतात. आणि आतल्या भिंतींच्या माथ्यावर कोरीव लाकडी जाळी, 'कालादो'. रात्री पावसाच्या किंवा चोराच्या भीतीनं मोठी खिडकी बंद केली तरी खालून गार वारा आत येतो, खोलीतली गरम हवा जाळीतून पुढच्या खोलीत सरकते, आणि घर श्वास घेत राहतं. फोटोंमध्ये मी ती जाळी शंभर वेळा पाहिली असेन. आता ती पलंगाच्या मागे भिंतीवर शोभेला ठोकतात, पाठीमागे बंद भिंत. जाळीचं काम वारा पुढे धाडण्याचं. भिंतीवर ठोकलेली जाळी मला तेव्हापासून बघवत नाही.

कापिसची तावदानं तर मला ओळखीची निघाली. फोंड्याजवळच्या माझ्या आजोळी पडवीच्या खिडकीला अशीच शिंपल्यांची तावदानं होती. दुपारचं ऊन त्यातून गाळून यायचं, पातळ ताकासारखं. शिंपला एकाच जातीचा, प्लाकुना प्लासेंटा, गोव्यातही आणि इथेही. आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "अगं, मामानं ती काढून काचा बसवल्या, तेव्हापासून त्या खोलीत पंख्याशिवाय बसवत नाही."

आराखडा त्यानंतर भराभर झाला. खाली सिलोंग: गाडी, कपडे धुण्याची जागा, बाक आणि मागे 'डर्टी किचन'. हे मागचं, उघडं-हवेशीर दुसरं स्वयंपाकघर इथल्या बहुतेक घरांत असतं, आणि त्यावरून आमच्यात एक मिनिटही चर्चा झाली नाही. नानायना सकाळी 'तुयो', म्हणजे खारवलेली सुकी मासळी तळायची असते आणि मला मोहरी-हिंगाची फोडणी. दोन्हींचा वास एका जागेत सुखानं नांदतो. खालची सगळी विजेची बटणं आणि सॉकेट डोक्याच्या उंचीवर घेतली. वर बैठक, जेवायची जागा, आतलं स्वयंपाकघर, तीन खोल्या.

अडचण दोन जागी आली. जागा अरुंद, त्यामुळे एका बाजूची भिंत थेट हद्दीवर, आगरोधक, आणि अशा भिंतीत खिडकी ठेवता येत नाही. बाईंनी मग वाऱ्याला जिन्यातून वर जायची वाट करून दिली: जिन्याच्या माथ्यावर, छताखाली, लूव्हर्सची पट्टी. हे लूव्हर्स म्हणजे आमच्या जुन्या घराचे काचेच्या पट्ट्यांचे 'जलोसी'. पाडताना सगळे म्हणत होते, भंगारात द्या, जुनाट दिसतात. पण धो धो पावसात वारा आत घेणारी आणि पाणी बाहेर ठेवणारी याहून स्वस्त खिडकी मला माहीत नाही. घासून पुसून तीच बसवली. दुसरी अडचण छपराच्या पाखीची. मला ती खूप पुढे आलेली, सावली धरणारी हवी होती. स्ट्रक्चरल इंजिनियरनी ती १२० वरून ९० सेंटिमीटरवर आणली, कारण वादळाचा वारा पाखीला खालून धरून पत्रे उचलतो. फोटोंतली लांबलचक पाखी बघताना हे कुणाच्या मनात येणार!

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, १९८७ च्या संविधानातच तसं आहे. तेव्हा जमीन नवऱ्याच्याच नावावर होणार हे उघड होतं. पण ती अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होती. आधी वारसांचा करार, तो वर्तमानपत्रात सलग तीन आठवडे आठवड्यातून एकदा छापायचा, मग मालमत्तेवर ६ टक्के वारसाकर, मग नवं मालकीपत्र. आमचं सबंध २०२१ यातच गेलं. घर बांधायचं मनात असेल तर फोटो गोळा करण्याआधी हे काम हातात घ्या, एवढं मी नक्की सांगेन. बांधकामाच्या परवान्यासाठी बारांगायचा, म्हणजे वॉर्डाचा दाखला, जागेच्या वापराची मंजुरी, अग्निशमनाची मंजुरी आणि प्रत्येक शाखेच्या परवानाधारकाच्या सही-शिक्क्याचे नकाशे लागतात. ते बाईंनी निगुतीनं केलं.

मजुरीचे इथे दोन प्रकार: 'पाक्याव', म्हणजे सगळं काम उक्तं, आणि 'आरावान', म्हणजे रोजंदारी. पाया आणि सांगाडा आम्ही उक्ता दिला, लाकूडकाम रोजावर. उक्त्यात सुतार घाई करतो असं नानायचं म्हणणं, आणि ते पुढे खरं ठरलं. फोरमनला सगळे 'कुया', म्हणजे दादा म्हणत. मला ते 'आते' म्हणायचे. इथे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या भाच्याची हाकच आठवली होती.

पायाच्या खड्ड्यात नानायनी नाणी टाकली. मी त्यांच्याशेजारी हळद-कुंकू वाहून नारळ वाढवला. कुयानी टोपी काढली.

जिन्याचं काम मात्र कुयानी अडवलं. नकाशात पायऱ्या १५ होत्या. इथे पायऱ्या मोजतात त्या 'ओरो, प्लाता, माता' अशा: सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी 'माता'वर येता कामा नये, आणि १५ ला तीननं भाग जातो. बाईंनी न कुरकुरता १६ केल्या. तीन मीटरची उंची तीच, पण पायरी २० सेंटिमीटरवरून पावणेएकोणीसवर आली. आज नानाय गुडघ्यांची तक्रार न करता वर येतात.

लाकडाचा शोध लांबला. नारा हा इथला राष्ट्रीय वृक्ष. नैसर्गिक जंगलातल्या वृक्षतोडीवर २०११ पासून बंदी आहे. म्हणून जुनी घरं पाडून निघालेलं लाकूड विकणाऱ्यांकडे आम्ही महिनाभर फिरलो. खिळ्यांची भोकं असलेल्या नाराच्या फळ्या मिळाल्या, त्या बैठकीच्या जमिनीला लागल्या. कापिसच्या दोन जुन्या झडपाही तिथेच मिळाल्या. पाच-सहा शिंपले तडकलेले, ते बदलले. खुर्च्या मात्र विकत घेतल्या नाहीत. सासऱ्यांच्या दोन जुन्या खुर्च्यांची 'सोलिहिया' विण, वेताची ती अष्टकोनी जाळी, पुरात कुजली होती, ती नव्यानं विणून घेतली.

बेंतानिल्यांच्या झडपांसाठी पहिल्या सुतारानं ओलसर मेहॉगनी वापरली. जुलैच्या हबागातात सगळ्या फुगल्या आणि एकही सरकेना. तो काम अर्ध्यावर टाकून गेला. दुसऱ्या सुतारानं भट्टीत वाळवलेलं लाकूड मागवलं, खाचेत श्वासाला जागा ठेवली, आणि आठ झडपांना तीन आठवडे घेतले. मजुरी दुप्पट पडली. पण आता एका बोटानं सरकतात.

खालच्या मजल्याला मला माचुका टाइल्स हव्या होत्या, त्या नक्षीच्या सिमेंटच्या फरशा, गोव्यातल्या जुन्या घरांत असतात तशा. त्या भाजत नाहीत, रंगीत सिमेंट साच्यात ओतून दाबतात, म्हणून त्या डाग पितात. पुराचा गाळ त्यांच्यात कायमचा मुरला असता. खाली बारीक खड्यांची 'वॉशआउट' जमीन केली, पाइप लावून धुता येते अशी. माचुका वर, जिन्याच्या तोंडाशी, फक्त चौदा फरशा. तेवढ्याच पुरल्या.

जेवणाच्या जागेवरून मात्र मी नानायशी खूप दिवस अडून बसले. संगणकावरच्या चित्रात ती भिंत कोरी, पांढरी होती आणि मला ती तशीच हवी होती. नानायना तिथे येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आणि लाकडाचे हातभर लांब चमचा-काटा हवे होते. इथल्या असंख्य घरांत ते असतात. मला वाटायचं, या दोन वस्तूंनी सगळं घर जुनं दिसेल. एका रात्री नवऱ्यानं सांगितलं की युलिसिसच्या वेळी नानायनी घरातून उचललेल्या चार वस्तूंत ते चित्र होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः भिंतीवर खुणा केल्या. त्याच भिंतीच्या कोपऱ्यात सान्तो निन्योची, म्हणजे बाळ येशूची मूर्ती आणि हातभर अंतरावर माझा देव्हारा. चर्चबाहेर मिळणारा सांपागीताचा हार आम्ही अर्धा अर्धा करतो. सांपागीता म्हणजे आपला मोगराच.

२०२४ च्या फेब्रुवारीत राहायला आलो. सगळ्यांत आधी घरात तांदूळ आणि मीठ नेलं, मग पाद्रीबाबा येऊन गेले.

२४ जुलैला कारिना वादळानं हबागात खवळला. भोंगे वाजले, १५, १६, १८. आम्ही गाडी टेकडीवरच्या नणंदेकडे नेऊन ठेवली, तांदळाची पोती सोळा पायऱ्या चढवली. १८ ला नियमाप्रमाणे आम्हीही तिच्याकडे गेलो. नदी २०.७ मीटरवर जाऊन थांबली. परतलो तेव्हा सिलोंगमध्ये पोटरीपर्यंत पाणी होतं, आणि वर नाराच्या फळ्या कोरड्या होत्या. वीज नव्हती. झडपा उघडल्या, जमिनीवर चटया टाकून झोपलो, आणि त्या दमट रात्रीही पायांना वारा लागत होता.

पाणी उतरल्यावर खालची जमीन पाइपनं धुवायला दीड दिवस लागला. नानायनी पेन्सिल आणायला सांगितली आणि खांबावर तिसरी रेघ ओढली, इतकी खाली की त्यांना बाकावर बसूनच ओढावी लागली. मागच्या स्वयंपाकघरातली शेगडी अजून जमिनीवरच्या ओट्यावर आहे, तिला चाकं लावून वर नेता येईल असं करायचंय. शनिवारी कुया माप घ्यायला येणार आहेत.