कडब्याची गाडी आवळताना

कडबा वजनाला हलका आणि पसाऱ्याला दांडगा. पिकअप टपाच्या वर हातभर भरली तरी खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ओझं जाणवत नाही. डोकेदुखी असते ती उंचीची, वाऱ्याची आणि पेंढ्यांच्या निसरडेपणाची. ज्वारीची ताटं वाळली की गुळगुळीत होतात. एक पेंढी सरकली की तिच्या शेजारच्या चार निघायला टपलेल्याच असतात.

आमचा गोठा फलटणजवळ. हिरवी वैरण घरची आहे, पण नुसत्या हिरव्यावर गाईंचं भागत नाही, रवंथाला कोरडं काहीतरी लागतंच. म्हणून रब्बी ज्वारीची काढणी उरकली की मंगळवेढ्याच्या बाजूचा कडबा भरून आणायचा आणि वर्षाची गंज लावून टाकायची. तिथल्या काळ्या रानातली मालदांडी जातीची ज्वारी. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे चांगलंच, पण आमच्या गाई तिच्या ताटाचा तुकडाही मागे ठेवत नाहीत, म्हणून आम्हाला तोच कडबा लागतो. रस्ता पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते असा, साधारण १३० किलोमीटरचा. यांची नोकरी एमआयडीसीत, सुट्टीची मारामार, तेव्हा गाडीबरोबर मी जाते.

गाडी भरली की दोर टाकायचं काम दोघांचं. एकानं अलीकडून फेकायचा, दुसऱ्यानं पलीकडे झेलायचा. एकदा ड्रायव्हरमामांचा जोडीदार आला नव्हता. मामा म्हणाले, "ताई, तुम्ही पलीकडं उभ्या ऱ्हावा. दोर आला की हुकात घाला आन् वडा."

ओढला. सगळं अंग टाकलं, तळहात लाल झाले, तरी दोर वरच्या पेंढ्यांत बोटभर रुतेना. मामा अंगानं माझ्यापेक्षा किरकोळ. ते फेरा मारून या बाजूला आले, दोराला कसले तरी दोन वळसे दिले, गुडघा फाळक्याला टेकवला आणि खाली खेचलं. दोर पेंढ्यांत चार बोटं आत गेला.

"हे कसं केलं?"

"ताकद न्हाय लागत त्येला. दोराकडनंच काम करून घ्यायचं."

मी हटूनच बसले, शिकवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही म्हणून. पुढचे सगळे दोर मामांनी हळूहळू, दाखवत दाखवत बांधले.

दोराचं पहिलं टोक कायमचं बसवायचं. त्याला खुंटगाठ पुरते, म्हणजे दावं खुंटाला बांधताना घालतो तीच: दोन वेढे, दुसरा पहिल्यावरून तिरपा नेऊन टोक त्याच्याखालून काढायचं. फरक एवढाच की प्लास्टिकच्या दोराला एवढ्यावर सोडायचं नाही, कारण तो काथ्याइतका धरत नाही. वर दोन अर्ध्या गाठी घालायच्याच, म्हणजे टोक दोराभोवती फिरवून त्याच फेऱ्यातून बाहेर काढायचं, असं दोनदा. मग दोर मालावरून पलीकडे.

खरी करामत पलीकडे आहे, ती नीट सांगते. वरून आलेला दोर डाव्या हातात धरायचा. छातीच्या उंचीवर सैल दोर दुमडून घ्यायचा, असा की तिथं तीन पदर शेजारी शेजारी येतील: एक दुमड वर तोंड करून आणि दुसरी खाली लोंबती. वरून येणाऱ्या दोराला पीळ देऊन त्याचा एक फेरा करायचा आणि तो वरच्या दुमडीवर टोपीसारखा चढवायचा. आता खाली जो फास लोंबतोय त्यालाही एक पीळ द्यायचा, मोकळ्या दोराचा दुमडा त्यातून खाली काढायचा आणि गाडीच्या हुकात अडकवायचा. मग मोकळं टोक सरळ खाली ओढायचं. बाहेरच्या बाजूला नाही, खालीच. बाहेर ओढलं की निम्मा जोर फुकट जातो आणि पाय घसरतात ते वेगळंच.

वाचताना हे किचकट वाटेल. हातात दोर घेऊन खुर्चीच्या पाठीला आणि पायाला बांधून बघा, संध्याकाळपर्यंत जमतं. अवघड काय असेल तर वरचा फेरा. हाताचा ताण सुटला की तो दुमडीवरून निसटतो. दोर नवा किंवा निसरडा असेल तर तो फेरा दोनदा चढवायचा, मग हलत नाही.

मुलगा तेव्हा अकरावीला होता. त्यानं वहीवर चित्र काढून सांगितलं की हा कप्पीचाच प्रकार आहे. लोंबत्या फासाला खाली ओढणारे पदर तीन होतात, म्हणजे कागदावर तिप्पट जोर. मी म्हटलं, कागदावर ठीक आहे, पण इथे कप्पीला चाक कुठंय? दोर दोरावर घासतो, हुकावर घासतो, बराचसा जोर त्यातच जातो. दुप्पट हाती लागला तरी पुष्कळ म्हणायचं. पण याच घासण्याचा एक फायदा आहे: ओढून झाल्यावर दोर लगेच मागे पळत नाही. जिथं तो फासातून वळतो तिथं अंगठ्यानं दाबून धरायचं आणि मोकळ्या टोकाच्या दोन अर्ध्या गाठी त्याच जागी घालायच्या. दुसरी गाठ सुरगाठच हवी, टोक ओढलं की सुटणारी.

या सुरगाठीवर मामांचा फार कटाक्ष. निरगाठ बघितली की ते विळा शोधायला लागतात. त्याचं कारण मला पंढरपूरच्या पुढे कळलं. कडबा बसतो. रस्त्याच्या हादऱ्यांनी पेंढ्या एकमेकींत शिरतात, माल खाली जातो आणि निघताना टणक वाटलेला दोर वाऱ्यावर हलायला लागतो. सुरुवातीच्या टप्प्यातच एकदा थांबून सगळे दोर सोडून पुन्हा आवळावे लागतात. तिथं गाठ दातानं सोडवत बसलं तर अंधार व्हायचा. मामांची गाठ एका झटक्यात उलगडते, आणि वरचा फेरा तर ताण गेला की आपोआप गळून पडतो. मागे दोराला अढीसुद्धा राहत नाही.

आवळायलाही क्रम आहे. पहिला दोर टणक केला आणि दुसरा केला की पहिला सैल पडतो, कारण दुसऱ्यानं माल आणखी दाबलेला असतो. म्हणून शेवटचा दोर झाला की पुन्हा पहिल्यापाशी. मागच्या टोकाला दोन दोर कातरीसारखे आडवे-तिरपे जातात, कारण माल आधी सुटतो तो तिथून. भरतानाच बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवले असतील तर दोराला टणक बाजू मिळते. शेंड्यांवरून दोर नेला तर तो नुसता कापत आत जातो आणि आवळल्याचं समाधान तेवढं मिळतं.

आवळल्यानं उंची कमी होते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गावात विजेच्या तारा कुठं किती लोंबतात याचा नेम नाही, आणि तारेला लागून कडब्याची गाडी पेटल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. मालाचा माथा वीतभर खाली गेला तर तेवढा जीव खाली पडतो. तरी गल्लीतून जाताना मी उतरून पुढे चालते.

सासऱ्यांना मी हे सगळं कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी ओठ मुडपले. बैलगाडीवर ते दुहेरी दोरात काठी घालून पीळ द्यायचे, काठी दोरालाच बांधून टाकायचे. त्या पद्धतीनं ताण जबरदस्त येतो यात वाद नाही. पण हातातून काठी निसटली तर ती गरकन फिरून तोंडावर येते. त्यांच्या भुवईवरची खूण तशीच झालेली आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मुलाचं म्हणणं रॅचेटचे, म्हणजे दांडा खटखटवून आवळायचे पट्टे घ्यावेत. फ्रिज, मोटारसायकल, पाण्याची टाकी असं न दबणारं काही न्यायचं असेल तर पट्ट्यासारखं सुख नाही. कडब्याला तो जमत नाही. माल दबत जातो, पट्टा गुंडाळत जातो आणि आवळून व्हायच्या आतच त्याची गुंडाळी भरते. पुन्हा सोडा, हातानं ओढा, पुन्हा खटखट करा.

दोन दोर जोडायची वेळ आली की लोक सरळ दोन टोकांची गाठ मारतात, पिशवीला मारतात तशी. जाड-बारीक दोरांत ती निसटते. जाड दोराचं टोक दुमडायचं, बारीक दोर त्या दुमडीतून वर काढून दोन्ही पदरांमागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खाली अडकवायचा. प्लास्टिक असेल तर फेरे दोन. तरी मालाच्या कोपऱ्यावर जोड येऊ द्यायचा नाही. गाठ आली तिथं दोर कमजोर होतोच, वर कोपऱ्यावर घासला तर तिथूनच तुटतो.

या वर्षी दोर मी माझा घेतला. नायलॉनचा आवडला होता, पण तो ताणतो. सकाळी टणक बांधलेला दुपारी सैल. प्लास्टिकचा ताणत कमी, पण उन्हात वर्ष-दीड वर्षात त्याची कुसं निघायला लागतात आणि हातात टोचतात. शेवटी प्लास्टिकचाच घेतला, बोटापेक्षा थोडा जाड, टोकं मेणबत्तीवर वितळवून घेतली आणि वापरून झाला की गोठ्यात सावलीला टांगते. मामांना तो अजून पसंत नाही, नवा दोर निसरतो म्हणतात. निसरतोच. म्हणून शेवटी दोनाऐवजी तीन अर्ध्या गाठी घालते.