कच्च्या लिंबाच्या हातात कंट्रोलर

घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायचा व्हिडिओ गेम निवडताना मी एकच गोष्ट बघते. आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूला तो कसा वागवतो? चित्रं, टप्पे, गोष्ट हे सगळं नंतर. आमच्यात मुलाची बोटं बटणांवर भराभर पळतात, आम्हा दोघांचं बरं चाललंय. सासूबाईंनी मात्र कंट्रोलर पहिल्यांदा हातात घेतला तो सत्तरी ओलांडल्यावर.

त्यांच्यासाठी जुन्या वळणाचे, डावीकडून उजवीकडे उड्या मारत जायचे प्लॅटफॉर्म गेमच बरे. थ्रीडी गेममध्ये एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा, तिथे आईंना गरगरायलाच लागलं. इथे खड्डा दिसला की उडी, संपलं.

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची सुरुवातच बघा. समोरून गुम्बा नावाचा एक छोटा शत्रू चालत येतो. तुम्ही नुसते उभे राहिलात तर तो येऊन धडकतो आणि डाव पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी हात आपोआप उडीच्या बटणाकडे जातो. थोडं पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे सरकतो, पाइपवर आपटतो आणि उलटा आपल्याच अंगावर येतो. तो लागला की मारिओ मोठा होतो. सूचनेचा एक शब्दही न वापरता सगळं शिकवून होतं. बटण जितकं दाबून धरू तितकी उडी उंच, हे मात्र आईंच्या हातात बसायला बराच वेळ गेला.

पण त्या गेममध्ये दोघांनी खेळायचं तर आळीपाळीने. म्हणजे पटाईत माणूस खेळत राहणार आणि बाकीचे बघत बसणार.

२००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' या गेममध्ये चौघं एकदम उतरू शकतात. त्यात एकमेकांचा धक्का लागतो, एकमेकांच्या डोक्यावर पाय पडतो, उचलून फेकताही येतं. मुलांना त्यात भलतीच गंमत वाटते, पण मुलाने उडी मारली की आजी खड्ड्यात, असं व्हायचं. अवघड जागी बटण दाबून बुडबुड्यात शिरायची सोय आहे, बाकीचे पार झाले की कुणीतरी येऊन तो फोडतं. कल्पना छान आहे, पण आई बुडबुड्यातच बसायला लागल्या. तरंगत राहणं म्हणजे खेळणं नव्हे.

२०२३ च्या सुपर मारिओ ब्रदर्स वंडरने आमचा प्रश्न सोडवला. खेळाडू एकमेकांना आडवे येत नाहीत. योशी हे डायनासोरचं पात्र घेतलं तर शत्रूंच्या धक्क्याने काही होत नाही, खड्ड्याची भीती मात्र राहते, आणि ती राहायलाच हवी. कुणी गेलंच तर त्याचं भूत होतं. पाच सेकंदांत साथीदाराला गाठलं की पुन्हा जिवंत. मुलगा कितीही पुढे असला तरी "आजी, थांब, आलो!" म्हणत मागे वळतो. शिवाय योशीच्या पाठीवर दुसऱ्याला बसता येतं. नातू आजीच्या पाठीवर, आणि उडीची वेळ आजीने ठरवायची! अशा वेळी आईंचा चेहरा बघावा.

इजा न होणारं पात्र म्हणजे लबाडी, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. मैदानातल्या खेळातही कच्च्या लिंबाला आपण बाद करत नाही, आणि त्याने कुणाचा डाव बिघडत नाही.

एक तक्रार आहे. कॅमेरा मुकुट घातलेल्या खेळाडूमागे जातो. तो धावत सुटला की बाकीचे पडद्याबाहेर. म्हणून आम्ही ठरवून टाकलंय, मुकुट ज्याच्या डोक्यावर त्याने सगळ्यांसाठी थांबायचं.

तुमच्याकडेही कुणी नवखं असेल तर त्यांना योशी द्या आणि पहिला टप्पा एकट्याने खेळू द्या. फक्त शेजारी बसून "आता उडी मार!" असं ओरडू नका. त्या आवाजाने हात दचकतो आणि उडी हमखास चुकते.