उतार कुठाय ते बघा आधी

ऑगस्टमध्ये नदीत पाय घालायचा नाही हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझे सासरे चिपळूणचे, २००५ चा पूर बघितलेले आणि २०२१ चा तर घरात घेतलेले, त्यामुळे यावेळी ते सिअ‍ॅटलला आमच्याकडे आले आणि मी जेवताना सहज म्हणालो की पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मित्र एक नदी चालत ओलांडून जंगलात जाणार आहोत, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "जावईबापू, ऑगस्ट आहे," एवढंच म्हणाले.

मग मी नेहमीचं पुराण सांगितलं. ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला जो पाऊस पडतो तो कोकणाच्या तोडीचा आहे, क्विनॉल्टच्या खोऱ्यात वर्षाला १२ फुटांच्या आसपास, म्हंजे रत्नागिरीपेक्षा थोडा जास्तच. पण कॅलेंडर उलटं. इथे धो धो नोव्हेंबर ते जानेवारी, आणि जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. क्वीट्स नावाच्या नदीला आत जंगलात पूल नाही, नॅशनल पार्कमधली वाट नदीच्या पलीकडून सुरू होते, आणि ती नदी पायी ओलांडण्यासारखी होते ती उन्हाळ्याच्या शेवटीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी पण येतो. बायको म्हणाली मग मी पण येते, तुम्हा तिघांना एकत्र सोडण्यात अर्थ नाही. दोघांची ट्रिप अशी चौघांची झाली. ते दोघं अलीकडच्या कॅम्पग्राउंडवर राहणार, आम्ही दोघं पलीकडे जाऊन शनिवारी रात्री राहून रविवारी संध्याकाळपर्यंत परत, असं ठरलं. सोमवारी ऑफिस.

क्वीट्सला पोचणं हीच अर्धी कटकट आहे. हायवे १०१ वरून जुना क्वीट्स रोड नदीच्या काठाकाठाने आत जायचा, पण मध्येच दरड कोसळून तो तुटलाय, आणि फोनमधला नकाशा मात्र अजून निर्धास्तपणे तिकडेच वळा म्हणतो. मला हे माहीत होतं, मी मुद्दाम वाचून गेलो होतो, आणि तरी गप्पांच्या नादात तिकडेच वळलो. बॅरिकेडपर्यंत जाऊन परत आलो. मित्र मूळचा नागपूरचा, तो म्हणाला "घे, वऱ्हाड निघालं आणि मांडवच चुकलं", त्यावर मागच्या सीटवर जो हशा पिकला तो हायवे येईपर्यंत चालला.

खरा रस्ता दुसरीकडून आहे, फॉरेस्ट सर्व्हिसचा २१ नंबर, सुरुवातीला डांबरी मग खडी, मग त्यावरून २१८० आणि त्याचा एक फाटा. या नंबरांची एक भाषा आहे, ती कळली की बरं पडतं. दोन आकडी नंबर म्हणजे मोठा रस्ता, चार आकडी म्हणजे त्याची फांदी, आणि त्यापुढे अजून तीन आकडे लागले की तो लाकूडतोडीसाठी काढलेला छोटा फाटा, जिथे पुढे काय असेल देव जाणे. आणि पाटी आडवी असेल तर साध्या गाडीने जाता येतं, उभ्या खांबावर आकडे खालीखाली लिहिलेले असतील तर गाडीचं पोट उंच पाहिजे. मी हे सगळं कौतुकाने सांगत होतो तर सासरे म्हणाले म्हणजे उभी पाटी आपल्याला नको. आमची गाडी साधी, सात वर्षं जुनी. उभ्या पाट्या बऱ्याच दिसल्या, आम्ही आडव्यांनाच धरून राहिलो.

वाटेत सोडून दिलेले फाटे किती दिसतात! लाकडं तोडून झाली, नवीन झाडं लावून झाली, आता तिकडे कुणाचं काम नाही. असा रस्ता कसा मरतो ते मी आधी द्वीपकल्पाच्या पूर्वेकडे, डोसवॉलिप्स नदीच्या खोऱ्यात बघितलं होतं. तिथला रस्ता जानेवारी २००२ मध्ये नदीने खाल्ला तो खाल्लाच, आणि त्याच्या पुढचे पाच-सहा मैल रस्ता नुसता पडून आहे, लोक चालत किंवा सायकलने जातात. आधी मोरी तुंबते. पानं, काटक्या, एखादं लाकूड आडवं येतं आणि पाइपचं तोंड बुजतं, मग पाणी रस्त्यावरून जायला लागतं आणि एका हिवाळ्यात खालची माती घेऊन जातं. कुणी फावडं घेऊन तासभर आलं असतं तर वाचला असता. मग आल्डरचं झाड उगवतं. उघडी पडलेली, खरवडलेली जमीन दिसली की हा आलाच, आपल्याकडे पडक्या भिंतीत पिंपळ येतो तसा, आणि बघता बघता रस्त्याच्या मधोमध इतका दाट होतो की दोन्ही बाजूचं जुनं जंगल विरळ वाटायला लागतं आणि रस्ता ओळखायचा तो त्या कोवळ्या पट्ट्यावरून.

असो. संध्याकाळी कॅम्पग्राउंडला पोचलो. तिथे नळाचं पाणी नाही, आम्ही कॅन भरून नेले होते. रात्री कुकरमध्ये खिचडी, बरोबर पोह्याचे पापड, शेजारच्या साइटवर मासे धरायला आलेला एक म्हातारा होता तो कुकरच्या शिट्टीने तंबूतून बाहेर आला. पापड खाऊन परत गेला.

सकाळी सातला नदीवर. रस्ता संपतो तिथे आधी सॅम्स नावाची छोटी नदी येऊन मिळते, म्हणून बहुतेक लोक सॅम्स ओलांडून मग संगमाच्या वरच्या अंगाला क्वीट्स ओलांडतात, तेवढंच पाणी कमी लागतं. सॅम्स अगदी नितळ, तळाचे गोटे मोजून घ्यावेत अशी. क्वीट्स मात्र हिमनद्यांकडून येणारी, पाण्यात दगडाचं पीठ मिसळल्यासारखा निळसर दुधी रंग, आणि गुडघ्याच्या खाली काय आहे ते दिसत नाही. सॅम्स सासऱ्यांनी आमच्याआधी पार केली, पँट दुमडून, हातात किनाऱ्यावर सापडलेली काठी. मी अहो बाबा म्हणेपर्यंत पलीकडे.

मी फोनवर उतरवून घेतलेले फोटो काढून बघत होतो, कुणी कुठून ओलांडली वगैरे. मला सगळ्यात शांत दिसत होती ती जागा पसंत होती, पाणी कसं तळ्यासारखं, वर एक पान हळूहळू चाललेलं. सासरे म्हणाले, "तिथे नको. तो डोह आहे. उतार कुठाय ते बघा आधी." आणि चालायला लागले काठाने वरती. शंभरेक पावलांवर नदी पसरट झाली होती, रुंदी दुप्पट, नुसता खळखळाट, पांढरे फेस, मला बघूनच नको वाटलं. ते म्हणाले हा उतार, इथून पायी ओलांडायची. मी म्हटलं बाबा इथे तर केवढा आवाज आहे. तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मुलीच्या बापाला आता उशीर झाल्याची जाणीव झाली.

"उथळ पाण्याला खळखळाट फार. शाळेत शिकला नाहीत?"

शिकलो की! पण मी ती म्हण आजवर फक्त माणसांबद्दल वापरली, मुख्यतः ऑफिसमधल्या. ती कुणीतरी नदीकाठी उभं राहून, ओलांडायची कुठून हे बघताना, अगदी शब्दशः बोललेलं वाक्य असणार हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

बाकीचं मग मी सांगितलं, माझाही काही अभ्यास होताच. बूट काढायचे नाहीत, तळाचे गोटे शेवाळलेले असतात. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे, पडलो तर सॅक सोडून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवायची, एका वेळी एकच पाय हलवायचा. आणि खालच्या अंगाला काय आहे ते आधी बघायचं, कारण पाय सुटला तर आपण तिथेच जाणार, आणि या नदीत पुरात वाहून आलेल्या स्प्रूसच्या अवाढव्य ओंडक्यांचे ढीग अडकलेले असतात, पाणी त्यांच्यातून जातं पण माणूस जात नाही. आमच्या उताराखाली बरंच अंतर मोकळी रेती होती. मांडीच्या वर पाणी लागलं तर परत फिरायचं असं ठरवलं.

लागलं गुडघ्याच्या वर चार बोटं. थंड इतकं की मधोमध पोचेपर्यंत पाय माझे राहिले नव्हते, आणि मी एकदाच खाली बघितलं, दुधी पाणी सरकताना दिसलं आणि नदी थांबून मीच आडवा चाललोय असं वाटलं. परत बघितलं नाही. पलीकडे जाऊन वळलो तर सासरे अलीकडे उकिडवे बसून पाण्याच्या कडेला काठी रोवत होते. काठीवर चाकूने एक खाच, बरोबर पाण्याच्या रेषेला.

पलीकडच्या वाटेबद्दल काय लिहू, जिथे आहे तिथे फार सुंदर आहे आणि बऱ्याच ठिकाणी नाहीच आहे. हिवाळ्यात पडलेली झाडं, काही आडवी पडूनही आमच्या उंचीइतकी जाड, काहींवरून चढून, काहींच्या खालून सरपटत. मेपलच्या फांद्यांना लोंबणारं शेवाळं, कमरेएवढे नेचे, आणि त्यात मध्येच एखादा सिटका स्प्रूस असा की आम्ही दोघांनी हात पसरून बघितले आणि गप्प बसलो. पहिल्या काही मैलांत अँड्र्यूज फील्ड म्हणून एक मोकळं कुरण लागतं. १८९० च्या दशकात इथे लोक वस्तीला आले होते, जंगल तोडून शेतं केली, गाईगुरं ठेवली. पुढे सरकारने जमिनी घेतल्या आणि १९५३ मध्ये हा नदीकाठचा पट्टा नॅशनल पार्कात गेला. आता कुरणात एल्क नावाची मोठाली हरणं चरतात, हे पार्क मुळात ज्या जनावरासाठी राखलं तेच. मित्र म्हणाला मेळघाटातून उठवलेल्या गावांच्या जागी असंच दिसतं, गवत आणि जनावरं. आम्ही तिथे डबा खाल्ला. गुळाची पोळी.

रात्री स्प्रूस बॉटमला, पाचेक मैलांवर. काही घडलं नाही. झोप छान लागली.

घोळ झाला तो रविवारी. सकाळी निवांत उठून अजून थोडं पुढे जाऊन आलो, दिवस कडक उन्हाचा, आणि नदीवर परत पोचेपर्यंत साडेपाच वाजले. मला पुस्तकी माहिती होती की बर्फाच्या नदीला दुपारच्या उन्हाचं पाणी उशिराने येतं, ओलांडायची तर सकाळी. माहिती होती, फक्त वापरली नाही. पाणी मला कालच्यासारखंच दिसत होतं. मी पट्टे सोडून पुढे झालो तर पलीकडे सासरे उठून उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे हलवायला लागले. काहीतरी ओरडत होते, पण तुमचा तो खळखळाट, एक अक्षर ऐकू येईना. मग त्यांनी काठीकडे बोट दाखवलं, आणि चार बोटं वर केली, मग पाचवं पण.

मित्र म्हणाला अरे पाच बोटंच तर आहेत. मी दोन पावलं आत गेलो. काल सकाळी घोट्याला होतं तिथे आज पोटरी, आणि पायाखालचे छोटे गोटे सरकत होते, ते कळत होतं, बुटाच्या तळव्याला टकटक लागत होतं. परत फिरलो. फोनला रेंज नाही, सोमवारी सकाळी साडेनवाला मीटिंग, जी मीच लावली होती. पलीकडून सासऱ्यांनी हाताची उशी करून कानाला लावून दाखवली. झोपा.

झोपलो काय, पडून राहिलो. उरलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीवर जेवण. अंधार पडल्यावर पलीकडे टॉर्च दिसला, पाण्याच्या कडेला खाली येऊन थांबला, मग वर गेला. साधारण तासाने परत आला. रात्रीत मी तीनदा जागा झालो आणि त्यातल्या दोनदा तो टॉर्च काठीजवळ होता. बायको नंतर म्हणाली की त्या संगमाच्या वाळूवर सतरंजी टाकून बाबा बसले होते, चल म्हटलं तर म्हणाले तू जा, ही नदी मला माहीत नाही.

पहाटे सहाला पाणी खाचेच्या खाली दोन बोटं. आलो. मीटिंग बुडाली, मॅनेजरला नंतर सगळं खरं सांगितलं आणि त्याला ते खोटं वाटलं.

सामान आवरताना मी म्हटलं बाबा ती काठी घेऊ या गाडीत, आठवण म्हणून. ते म्हणाले, पार्कातून काही न्यायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत ना. उपटली, एकदा खाचेवरून अंगठा फिरवला, आणि प्रवाहात टाकून दिली. खळखळाटावरून दोनदा उडाली आणि डोहात जाऊन हळू झाली.